पिट्युटरीच्या ऑपरेशनआधी पुन्हा एमआरआय आणि वर नाकाचा सीटी कशासाठी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचं वय ५४, राहणं सोलापूर जिल्ह्यात, मधुमेह आहे. पाच-सहा महिन्यांपासून दोन्ही कडांचं दिसणं कमी होत गेलं, चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. त्यात मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची २४ × २१ × १९ मिलिमीटरची गाठ निघाली, आणि ‘डावीकडे कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरली असण्याची शक्यता’ असं एक वाक्य आलं. आता पुण्यातले न्यूरोसर्जन म्हणतात, एमआरआय वेगळ्या पद्धतीने, कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन पुन्हा करा आणि नाक-सायनसचा सीटीही करा. भावाला यात कट प्रॅक्टिसचा वास येतो. तुम्ही विचारता, गाठ तर दिसलीच आहे, मग परत कशाला? आणि करायचाच तर थ्री टेस्लाच, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचाच, हवा का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गेली बावीस वर्षं मेंदूचे स्कॅन वाचतो, आणि पिट्युटरीच्या ऑपरेशनआधी न्यूरोसर्जन व नाक-कान-घशाचे सर्जन यांच्यासोबत स्क्रीनपुढे बसणं हा माझ्या कामाचा ठरलेला भाग आहे. आईची चित्रं मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे ‘दुसरा एमआरआय हवाच’ असं मी इथून सांगू शकत नाही. पण तुमच्या वर्णनावरून तो लागेल असंच वाटतं. सीटीबद्दल तर मला फारशी शंका नाही.

खरा मुद्दा असा आहे की दोन्ही एमआरआय वेगळ्या प्रश्नांसाठी आहेत. पहिल्याला विचारलं होतं, ‘नजर का कमी होतेय?’ त्याने उत्तर दिलं. आता सर्जनला विचारायचंय, ‘इथवर पोचायचं कुठून, वाटेत काय सांभाळायचं, आणि गाठीचा कुठला भाग हातात येणार नाही?’ मेंदूचा नेहमीचा एमआरआय साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या कापांचा असतो आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सुटते. म्हणजे आईची गाठ समोरून मागे तीन-चार चित्रांत संपते. गाठ आहे हे कळायला तेवढं पुरतं. बाजूच्या रक्तवाहिनीला ती नुसती टेकली आहे की तिला वळसा घालून गेली आहे, हे ठरवायला पुरत नाही. पिट्युटरीसाठीच्या तपासणीत काप दोन-तीन मिलिमीटरचे, फक्त त्या भागावर एकवटलेले, समोरून आणि बाजूने असे दोन्हीकडून घेतात, कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर.

ही जागा किती अडचणीची आहे ते समजलं की बाकी सगळं समजतं. पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी, वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. कवटीच्या तळाला स्फेनॉइड हाडात एक खोलगट खाच असते, तिला सेला टर्सिका, म्हणजे तुर्की खोगीर म्हणतात. ग्रंथी त्यात बसलेली असते. वर दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तो ऑप्टिक कायाझम. डावी-उजवीकडे कॅव्हर्नस सायनस, म्हणजे शिरांची जागा, आणि त्यातून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी व डोळे हलवणाऱ्या नसा. खाली स्फेनॉइड सायनस, म्हणजे हवेची पोकळी, जी नाकात उघडते. ऑपरेशन याच खालच्या वाटेने, नाकपुडीतून, बहुधा चार मिलिमीटर जाडीच्या एंडोस्कोपने होतं. आईच्या कडेच्या नजरेवर परिणाम झाला तो गाठीने कायाझमला खालून दाबल्यामुळे.

या वाटेने १९०७ मध्ये इन्सब्रुकला हर्मान श्लॉफर यांनी पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हा त्यांच्याकडे मार्गदर्शनाला कवटीचा साधा एक्स-रे होता. त्यात हाडाची खाच मोठी झालेली दिसते, गाठ दिसत नाही. पुढे मेंदूभोवतीच्या पाण्याच्या जागी हवा भरून एक्स-रे काढत. रुग्णाला त्याचा फार त्रास होई. १९६० च्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी या ऑपरेशनात मायक्रोस्कोप आणला. ऑपरेशन चालू असताना एक्स-रेच्या पडद्यावर आपण कुठे आहोत ते पाहायची सोय तेव्हा होती. आज तुमच्या आईच्या सर्जनला मिलिमीटरचा नकाशा हातात घेऊन जाता येतं. तो नकाशा म्हणजेच हे दोन स्कॅन.

एमआरआय उघडला की मी आधी कायाझम शोधतो. तो गाठीवर ताणलेल्या दोरीसारखा दिसतो की पार चपटा होऊन ओळखूच येत नाही? जोडीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन, केला असेल तर त्यात पडद्यातल्या नसांच्या थराची जाडी मोजलेली असते. तो थर टिकून असेल तर दाब काढल्यावर नजर परत येण्याची आशा जास्त. झाला नसेल तर करून घ्या. तपासणी काही मिनिटांची आहे आणि ऑपरेशनआधीची नोंद नंतर मिळत नाही.

मग शोधायची ती निरोगी ग्रंथी. ती कुठे गेली, हा प्रश्न घरचे क्वचितच विचारतात. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. गाठ वाढली की मूळ ग्रंथी दबून एखाद्या पातळ पापुद्र्यासारखी कडेला चिकटते, बहुतेक वेळा वर-मागे किंवा एका बाजूला. तिथे नेमकी ती कुठे आहे हे माहीत असेल तर सर्जन त्या बाजूने हात आखडता घेतात. ती वाचली तर आईला पुढे कॉर्टिसोल किंवा थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागण्याची शक्यता कमी होते. कॉन्ट्रास्टचा उपयोग इथे होतो, कारण निरोगी ग्रंथी कॉन्ट्रास्ट लवकर आणि जास्त उचलते, गाठ मागे राहते. शिवाय कॉन्ट्रास्टच्या आधीच्या चित्रांत ग्रंथीचा मागचा भाग बऱ्याचदा पांढऱ्या ठिपक्यासारखा चमकतो. तो सरकून कुठे बसलाय यावरून दिशा कळते. जाड कापांत हा ठिपका हरवतो.

आता रिपोर्टमधल्या त्या ‘शक्यता’ शब्दाकडे येऊ. गाठ कॅव्हर्नस सायनसमध्ये किती गेली हे सांगण्यासाठी व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट क्नॉस्प यांनी १९९३ मध्ये एक साधी रीत दिली. समोरून घेतलेल्या कापात कॅरोटिड एकाखाली एक अशी दोनदा कापलेली दिसते. त्या दोन वर्तुळांच्या आतल्या कडेला एक रेष, मध्यांतून एक, बाहेरच्या कडेला एक. गाठीने कोणती रेष ओलांडली त्यावरून शून्य ते चार श्रेणी ठरते. बाहेरची रेष ओलांडली की तीन, आणि धमनीला चहूबाजूंनी वेढलं की चार. पुढे २०१५ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे दोन भाग झाले, कारण धमनीच्या वरून बाहेर गेलेल्या गाठी पुष्कळदा नुसत्या फुगवटा देतात, आणि खालून गेलेल्या खरोखर आत घुसलेल्या असण्याची शक्यता जास्त असते. आईच्या बाबतीत श्रेणी एक आहे की तीन, यावर सगळी गाठ निघेल की थोडी ठेवून पुढे किरणोपचार किंवा औषधांचा विचार करावा लागेल, हे अवलंबून आहे. पाच मिलिमीटरच्या कापात धमनी, गाठ आणि मधला पापुद्रा एकाच राखाडी रंगात मिसळतात. तुमच्या रेडिओलॉजिस्टने ‘शक्यता’ लिहिलं ते मला प्रामाणिकपणाचं वाटतं. त्या चित्रांवरून मीही तेच लिहिलं असतं. चांगल्या एमआरआयनंतरही शेवटचा निकाल ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी पाहूनच लागतो, हेही खरं.

गाठीचा आकारही बघावा लागतो. काही गाठी वर जाताना मध्ये आवळल्या जातात, डमरूसारख्या. खालचा भाग काढला की वरचा आपोआप खाली उतरतो असं सर्जनना हवं असतं, पण डमरूचा वरचा भाग कधी अडकून बसतो. मग वाट थोडी पुढून उघडावी लागते, आणि मेंदूच्या पाण्याची गळती होऊ नये म्हणून नाकाच्या पडद्याचा तुकडा फिरवून छिद्र झाकण्याची तयारी आधी ठेवावी लागते. गाठ मऊ आहे की चिवट, हे मात्र एमआरआयवरून खात्रीने सांगता येत नाही. काही चित्रांवरून अंदाज बांधतात, मीही बांधतो, आणि तो बऱ्याचदा चुकतो. कुणी ठामपणे सांगितलं तर तो अंदाजच समजा.

एक गोष्ट दर वेळी आधी वगळायचीच असते. कॅरोटिडचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, कधी कधी हुबेहूब पिट्युटरीच्या गाठीसारखा दिसतो. नाकातून जाऊन त्याला छेद देणं म्हणजे जीवघेणा रक्तस्राव. त्याचबरोबर दोन्ही कॅरोटिड एकमेकींच्या किती जवळ आहेत हे मोजायचं असतं. काही लोकांत त्या मधोमध जवळजवळ टेकलेल्या असतात, आणि तेव्हा खाचेत शिरायचा दरवाजाच अरुंद होतो. एमआरआयवर शंका आली तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी, सांगतील. ती सगळ्यांना लागत नाही.

सीटीवर भावाचा आक्षेप जास्त असेल, कारण ‘डोक्याच्या आजाराला नाकाचा सीटी’ हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण एमआरआयमध्ये पातळ हाड आणि हवा दोन्ही काळीच दिसतात. वाट तर हाडातून आणि हवेतून आहे. स्फेनॉइड सायनस काहींच्यात खाचेच्या खालपर्यंत नीट पोकळ असतो, काहींच्यात अर्धवट, आणि थोड्यांच्यात जवळजवळ भरीव हाड असतं. भरीव असेल तर ड्रिलने वाट काढावी लागते, वेळ वाढतो, खुणा सापडत नाहीत. सायनसच्या आत पडदे असतात, आणि ते सरळ मधोमध क्वचितच जातात. एखादा पडदा मागे नेमका कॅरोटिडवरच्या हाडाला जाऊन चिकटलेला असतो. असा पडदा पकडीने पिळून तोडला तर धमनीला इजा होऊ शकते, म्हणून तो ड्रिलने हळू झिजवायचा. काही लोकांत मागच्या एथमॉइडची (डोळ्यांमधल्या हवेच्या कोठ्यांची) एक कोठी स्फेनॉइडच्या वर सरकलेली असते, तिला ओनोडी सेल म्हणतात. तिच्या भिंतीतून डोळ्याची नस जाते, कधी हाडाच्या आवरणाविनाच. हे सगळं सीटीच्या पातळ, मिलिमीटरच्या आसपासच्या कापांत स्वच्छ दिसतं. त्याला कॉन्ट्रास्ट लागत नाही आणि किरणांची मात्रा कमी असते. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा आधी नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर तेही यातच कळतं.

आणखी एक कारण आहे, जे घरच्यांना बहुधा कुणी सांगत नाही. बऱ्याच ठिकाणी हे ऑपरेशन नेव्हिगेशनच्या मदतीने होतं. थिएटरमध्ये संगणक आईच्या चेहऱ्याचा पृष्ठभाग स्कॅनमधल्या चेहऱ्याशी जुळवतो, आणि मग उपकरणाचं टोक या क्षणी कुठे आहे ते पडद्यावर दाखवतो. त्यासाठी स्कॅनमध्ये नाकाचं टोक, कपाळ, डोळ्यांच्या कडा पूर्ण हव्यात, काप सलग व पातळ हवेत. मेंदूच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये नाकाचं टोक अनेकदा कापलं जातं. तो स्कॅन कितीही स्वच्छ असला तरी यंत्र तो स्वीकारत नाही. डोक्याभोवती घट्ट पट्टा बांधून किंवा हेडफोनने गाल दाबून काढलेला स्कॅनही जुळवताना त्रास देतो.

थ्री टेस्लाबद्दल: आईच्या आकाराच्या गाठीसाठी योग्य पद्धतीने केलेला दीड टेस्लाचा एमआरआय मला चालतो. वाईट पद्धतीने केलेल्या थ्री टेस्लापेक्षा तो कितीतरी बरा. उलट स्फेनॉइडमधली हवा आणि हाड जिथे भेटतात तिथली विकृती थ्री टेस्लावर जास्त येते. थ्री टेस्लाचा आग्रह मी धरतो तो बारीक गाठी शोधताना, विशेषतः कुशिंगच्या आजारात, म्हणजे पिट्युटरीतली गाठ एसीटीएच हे हॉर्मोन जास्त बनवून शरीरातलं कॉर्टिसोल वाढवते तेव्हा. तिथे गाठ तीन-चार मिलिमीटरची असू शकते आणि चांगल्या एमआरआयवरही पुष्कळ रुग्णांत ती सापडत नाही. शिवाय निरोगी माणसांतही साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत एखादा निरुपद्रवी ठिपका असतो, म्हणून दिसला तो ठिपकाच गुन्हेगार असं धरता येत नाही. अशा वेळी ग्रंथीतून रक्त वाहून नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिरांतून नमुने घेऊन एसीटीएच मोजावं लागतं. तुमच्या आईला हे लागू नाही. कुशिंगसाठी उत्तर शोधणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिलं.

आता मला सर्वात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तुमच्या प्रश्नात रक्ताच्या तपासण्यांचा उल्लेख नाही. प्रोलॅक्टिन, सकाळचं कॉर्टिसोल, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) आणि फ्री टी-फोर, आयजीएफ-वन हे हॉर्मोनचे आकडे झालेत का? झाले नसतील तर स्कॅनच्या आधी ते करा. प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ, असेल तर नजर कमी झालेली असतानाही बहुतेकांना आधी कॅबरगोलिनच्या गोळ्या देतात आणि गाठ आक्रसते; ऑपरेशन टळू शकतं. प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं असेल तर ते कुठल्याही गाठीने ग्रंथीचा देठ दाबल्यामुळेही असतं, तो वेगळा अर्थ. फार मोठ्या गाठींत तर प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की यंत्र फसून आकडा कमी दाखवतं, म्हणून नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगतात. कॉर्टिसोल कमी निघालं तर ते आधी भरून काढल्याशिवाय थायरॉइडची गोळी सुरू करू नये.

हे मी कळकळीने लिहितो त्याला कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत सतरा वर्षांच्या एका मुलीचा एमआरआय माझ्याकडे आला. पिट्युटरी पंधरा मिलिमीटर उंच, वर घुमटासारखी फुगलेली, दोन्ही बाजूंना सारखी. मी ‘मॅक्रोअ‍ॅडेनोमा’, म्हणजे पिट्युटरीची मोठी गाठ, लिहून मोकळा झालो. ऑपरेशनची तारीखही ठरत आली होती. भुलीआधीच्या तपासणीत टीएसएच शंभराच्या वर निघालं. थायरॉइड काम करत नसल्यामुळे पिट्युटरी त्याला हाका मारून मारून फुगली होती. थायरॉक्सिनच्या गोळीवर काही महिन्यांत ती पूर्ववत झाली. चित्र बरोबर होतं, अर्थ मी चुकीचा लावला होता. तेव्हापासून हॉर्मोनचे आकडे समोर असल्याशिवाय मी पिट्युटरीचा रिपोर्ट पुरा करत नाही. आईची गाठ एका बाजूला जास्त आहे, म्हणून तिच्यात हे असण्याची शक्यता फार कमी. पण आकडे हवेतच.

भावाची शंका मी उडवून लावणार नाही. कट प्रॅक्टिस आपल्याकडे आहे आणि लोक त्यात भरडले जातात. तपासून पाहायचा मार्ग सोपा आहे. पहिल्या एमआरआयची सीडी घेऊन जा, नुसती फिल्म नको. फिल्मवर चित्रं छापली की कापांची जाडी बदलून पाहता येत नाही आणि नेव्हिगेशनलाही तिचा उपयोग नाही. सर्जनना सरळ विचारा, ‘यात काय कमी आहे?’ ज्यांना खरंच गरज आहे ते तुम्हाला स्क्रीनवर दाखवतील. मग कोणती तपासणी, कोणत्या पद्धतीने, हे कागदावर लिहून घ्या आणि विचारा, हीच सोलापुरात करून आणली तर चालेल का? अमुकच सेंटर हवं असं उत्तर आलं तर कारण विचारा. कधी ते कारण खरं असतं, तिथल्या पद्धतीची आणि नेव्हिगेशनची सवय जुळलेली असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन करणार असाल तर या तपासण्या पॅकेजमध्ये धरल्यात का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

तयारीचं थोडक्यात: मधुमेह आहे म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा, कारण मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियमबद्दल वेगळा विचार करावा लागतो. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, शरीरात कुठे धातू असेल तर आधीच सांगा. चमकी, मंगळसूत्र, हेअरपिना आणि साडीच्या पिना घरीच काढून ठेवा. नाकातली चमकी नेमकी जिथे पाहायचं तिथेच चित्र बिघडवते, आणि वर्षानुवर्षं न काढलेली असते म्हणून आयत्या वेळी निघत नाही. आईला आधी सांगून ठेवा की आवाज मोठा येतो, साधारण अर्धा तास निश्चल पडायचं असतं. बारीक कापांत एका आवंढ्यानेही चित्र हलतं.

या सगळ्याची वाट पाहत असताना अचानक भयंकर डोकं दुखलं, उलट्या झाल्या, नजर एकदम गेली किंवा एक पापणी पडली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तडक मोठ्या रुग्णालयात न्या. गाठीत रक्तस्राव झाल्याची ती लक्षणं असू शकतात, आणि तिथे तास मोजले जातात.

ऑपरेशननंतर अनेक ठिकाणी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात, कारण सुरुवातीला तिथे रक्त, सूज आणि छिद्र बंद करायला भरलेली चरबी यांनी चित्र गढूळ असतं. काही सर्जन पहिल्या दोन-तीन दिवसांतही एक काढतात. त्या वेळी राहिलेला तुकडा कोणता आणि भरलेली चरबी कोणती हे ओळखायला आजच्या दोन्ही एमआरआयच्या सीडी लागतात. त्या कपाटात वेगळ्या पाकिटात ठेवा, एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्या, आणि आईसोबत जो कुणी जाईल त्याला ते पाकीट कुठे आहे ते सांगून ठेवा.